थीमवाले आयकॉन: या चुका टाळा

वॉलपेपर बदलला की होम स्क्रीनवरचे आयकॉन त्याच रंगात रंगतात आणि मधेच एक अ‍ॅप लाल-पिवळं, भडक, एकटं पडलेलं दिसतं. ते अ‍ॅप तुमचं असेल तर वापरणारा तक्रार करत नाही, गुपचूप फोल्डरमध्ये ढकलून देतो. ही सोय काही कालची नाही. अँड्रॉइड १२ मध्ये ती पिक्सेल फोनवर आली आणि २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ने ती सगळ्या अ‍ॅपसाठी खुली केली. आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून गडद आणि टिंटेड (एकाच रंगाची छटा चढवलेले) आयकॉन आहेत. तरीही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्याच त्या चुका दिसतात, आणि आता खरंच कंटाळा आला आहे.

माझं मत आधीच सांगतो. फोन ज्याचा, थीम त्याची. आयकॉनने ती पाळलीच पाहिजे. पण एका रंगात आपलं चिन्ह कसं दिसेल, हे ठरवायची जबाबदारी आपली आहे.

रंगीत लोगो तसाच मोनोक्रोममध्ये (एकरंगी थरात) टाकणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. अँड्रॉइडवर अ‍ॅडॅप्टिव्ह आयकॉनच्या, म्हणजे फोनप्रमाणे आकार बदलणाऱ्या आयकॉनच्या, एक्सएमएल फाइलीत तीन थर असतात: बॅकग्राउंड, फोरग्राउंड आणि मोनोक्रोम. तिसऱ्या थरातले रंग लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम, बघतच नाही. चित्र कुठे भरलेलं आहे आणि कुठे पारदर्शक आहे, एवढंच तो पाहतो. भरलेल्या जागी तो थीमचा रंग ओततो. म्हणजे लोगोमागे पांढरा रंग असेल, तर तोही भरलेलाच धरला जातो.

एका पतसंस्थेच्या अ‍ॅपचं काम आमच्याकडे होतं. त्यांचं बोधचिन्ह गोल: मधे समई, एका बाजूला दातेरी चाक, दुसऱ्या बाजूला ज्वारीचं कणीस, आणि कडेने संस्थेचं पूर्ण नाव. शेवटच्या आठवड्यात घाई झाली. आमच्यातल्या एका मुलाने फोरग्राउंडची पीएनजी उचलली आणि मोनोक्रोमला तीच जोडली. बिल्ड झाला, एररही आला नाही, अ‍ॅप बाहेर गेलं. दोन दिवसांनी शाखेतून फोन सुरू झाले. थीम चालू असलेल्या फोनवर समई नाही, चाक नाही, नाव नाही, नुसता एक भरीव गोळा! अपडेट अर्धवट झालं असं समजून काही सभासदांनी अ‍ॅप काढून टाकलं होतं. पैशांचा व्यवहार ज्यात होतो त्या अ‍ॅपचा चेहरा अचानक पुसला गेला तर माणूस घाबरणारच.

दुरुस्तीसाठी मी अध्यक्षांना भेटलो. ते म्हणाले, "साहेब, बोधचिन्ह म्हणजे संस्थेची ओळख. त्यातलं काहीही गाळायचं नाही." मी वाद घातला नाही. पूर्ण बोधचिन्ह एक सेंटिमीटर रुंदीचं छापलं, कात्रीने कापलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. बाजूला तेवढीच, काळ्या रंगात भरलेली समई ठेवली. चष्मा लावून त्यांनी दोन्ही कागद हातभर लांब धरून पाहिले आणि समईवर बोट ठेवलं.

तेव्हापासून माझी ही सवयच झाली आहे. आधी कागदावर एक सेंटिमीटर, मग फोनवर. लोगोतली एकच गोष्ट घ्यायची आणि ती नव्याने, व्हेक्टरमध्ये (लहान-मोठं केलं तरी न बिघडणाऱ्या रेषांत), एका रंगात काढायची. कॅनव्हास १०८ डीपीचा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) असतो, पण चिन्ह ४८ ते ६६ डीपीमध्येच बसवायचं, कारण बाहेरच्या बाजूंचे १८-१८ डीपी लाँचर मास्कसाठी (आयकॉन गोल-चौकोनी कापण्यासाठी) आणि हालचालीसाठी राखून ठेवतो. ग्रेडियंट आणि सावल्या सोडून द्या. देवनागरी अक्षर वापरणार असाल तर 'श्री' किंवा 'क्ष' टाळा. एवढ्या लहान आकारात आतल्या फटी बुजतात आणि शिरोरेषेला डाग लटकल्यासारखा दिसतो.

नोटिफिकेशनमध्ये अ‍ॅपच्या जागी पांढरा चौकोन दिसतो, त्याचंही कारण हेच. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, तिथेही फक्त आकारच पाहिला जातो. इतक्या वर्षांत हे एक शिकलो असतो तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

एक फाइल बदलणं, दुसरी विसरणं

मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलीत, राउंड-आयकॉन (गोल आयकॉन) वेगळा दिला असेल तर त्याच्या एक्सएमएलमध्येही मोनोक्रोम जोडा. संपलं.

"फोन करेल की आपोआप"

हे वाक्य नवशिक्यांकडून फार ऐकतो. डिसेंबर २०२५ मधल्या अँड्रॉइड १६ च्या क्यूपीआर२ या तिमाही अपडेटपासून, मोनोक्रोम नसलेल्या अ‍ॅपलाही फोन स्वतः रंगवू शकतो, हे खरं आहे. पण फोनला तुमच्या लोगोत महत्त्वाचं काय ते कळत नाही. जे हाती लागेल ते तो एका रंगात बुडवतो. अर्ध्या दिवसाचं काम वाचवण्यासाठी आपला चेहरा दुसऱ्याच्या हातात देणं मला पटत नाही.

अ‍ॅपनेच स्वतःचा आयकॉन बदलणं

डार्क मोड लागला की अ‍ॅक्टिव्हिटी-एलियस (त्याच अ‍ॅपचं वेगळ्या आयकॉनचं पर्यायी दार) बदलून काळा आयकॉन लावायचा, असा उपाय एका होतकरू मुलाने मोठ्या उत्साहाने दाखवला. कल्पना वाईट नाही, पण जुना एलियस बंद केला की बऱ्याच लाँचरवर होम स्क्रीनवरचा शॉर्टकट उडतो, आणि कधी चालू अ‍ॅपही बंद पडतं. त्याच्या स्वतःच्या फोनवर नीट चाललं, म्हणून त्याने दुसऱ्या फोनवर पाहिलंच नाही. रोज संध्याकाळी सात वाजता फोन डार्क होणाऱ्या माणसाचं अ‍ॅप रोज सातला जागेवरून गायब! एलियस हा वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन, मुद्दाम आयकॉन निवडला तरच बदलावा. थीमसाठी मोनोक्रोमच द्या.

आयफोनवर साधा, गडद, टिंटेड: एकच पीएनजी तिन्हीकडे

गडद आयकॉनमध्ये पार्श्वभूमी पारदर्शक सोडा, काळसर पट सिस्टिम स्वतः देते. टिंटेडसाठी करड्या छटांमधलं चित्र द्या. इथे अँड्रॉइडसारखं नुसतं भरीव-पारदर्शक नसतं, फिकट-गडद छटांनाही अर्थ असतो. म्हणून अँड्रॉइडचं चित्र इकडे ढकलू नका.

दुसऱ्याच्या फोनवर थीम चालू करणं

ही चूक डेव्हलपरची नाही, घरच्यांची आहे, आणि मला ती फार लागते. माझी आई अ‍ॅपची नावं वाचत नाही. हिरवं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, जांभळं म्हणजे लाइटबिल. भाचा दिवाळीला आला आणि "आजी, बघ किती छान दिसतंय" म्हणत त्याने थीम्ड आयकॉन चालू करून दिले. चार दिवस तिने कुणाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "अरे, माझं जांभळं गेलं कुठे? बिलाची तारीख उद्याची आहे."

होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरलं, वॉलपेपर अँड स्टाइलमध्ये गेलो, थीम्ड आयकॉन बंद केले. जांभळं परत आलं. तिने तिथेच उभ्या उभ्या बिल भरलं, आणि मग भाच्याला मी फोन लावला.