स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलासोबत रोबो वापरायचा तर

मी विशेष शिक्षिका आहे, वर्गात नाओ हा माणसासारखा दिसणारा छोटा रोबो वापरते. पालक विचारतात, "मॅडम, हा याला बोलायला शिकवेल का?" एकटा रोबो काहीच शिकवत नाही. मूल, रोबो आणि तुम्ही असे तिघं मिळून खेळलात, तरच त्याचा उपयोग.

पहिल्या दिवशी तो बंदच ठेवा. ५८ सेंटिमीटरचं हे बाहुलं हललं की मोटारींचा आवाज येतो आणि काही मुलं लगेच कानांवर हात ठेवतात. आधी हात लावू द्या, बोटं चाचपू द्या. मग बटण मुलानेच दाबायचं. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर 'रोबो' आणि 'रोबो झोपला' अशी दोन्ही चित्रं लावा. खेळ कधी संपणार हे कळलं नाही, तर शेवटी रडारड ठरलेली.

ध्येय एकच घ्या. मी नजरेपासून सुरुवात करते. रोबो मान वळवतो, "बघ, बस!" म्हणतो, मूल बसच्या चित्राकडे बघतं. लगेच तुम्ही तशीच मान वळवून दुसरं चित्र दाखवायचं. मूल तुमच्या नजरेमागे आलं, की ती खरी कमाई. रोबोची वाक्यं घरच्या बोलीत रेकॉर्ड करून घाला, छोटी आणि रोज तीच.

२०१८ साली येल विद्यापीठातल्या ब्रायन स्कॅसेलाटी यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ मुलांच्या घरी महिनाभर रोबो होता. रोज अर्धा तास, पालक सोबत. रोबो नसतानाही मुलांचं मोठ्यांसोबत एकाच गोष्टीकडे लक्ष देणं सुधारलं. पण रोबो गेल्यावर महिन्याभरात त्यातलं काही ओसरलं. म्हणून रोबो बाजूला करायची तयारी पहिल्या आठवड्यातच सुरू करा. आधी रोबोच्या दोन पाळ्या, तुमची एक. मग उलट. मग रोबो नुसता बसलेला आणि त्याच्या जागी ताई किंवा दादा खेळायला.

नवलाई संपली की मूल कंटाळतं. तेव्हा खेळ बदला, सुरुवातीचं आणि निरोपाचं वाक्य मात्र तेच ठेवा. मूल रोबोकडे बघून किती हसलं, याला मी महत्त्व देत नाही. वहीत लिहायचं ते हे: रोबो बंद असताना, जेवताना, जिन्यात शेजारी भेटल्यावर मुलाने काय केलं?

आणि कृपा करून "माझ्या डोळ्यांत बघ" असा हट्ट धरू नका. मुलाने पाठ फिरवली म्हणजे 'नको' असं सांगितलं, तिथे थांबायचं. काही मुलांना रोबो आवडतच नाही. त्यांच्यासोबत हाच खेळ हातात घालायच्या बाहुलीने खेळा.