डमरू नको असेल तर: घरच्या मागावर विणताना या चुका टाळा

माझं पहिलं वॉल हँगिंग पार्सलच्या पुठ्ठ्याचाच माग करून विणलेलं. वर 30 सेंमी, खालीही 30, मधे जेमतेम 22. चक्क डमरू!

आडवा धागा, म्हणजे बाणा, सरळ ओढून घेतला की कडेचे उभे धागे आत सरकतात. एकाखालून-एकावरून जाताना धाग्याला जास्तीची लांबी लागते. म्हणून प्रत्येक ओळीत त्याला डोंगरासारखी कमान द्या, मग रुंद दातांच्या कंगव्याने मधून कडेकडे दाबत बसवा. पाचेक ओळींनी मोजपट्टी लावत जा. रुंदी कमी भरली तर तेवढं उसवा. पुढे सैल विणून भरून काढू असं वाटतं, पण निघत नाही. मी दोनदा करून पाहिलंय.

दुसरी चूक ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर उभ्या धाग्याला लावली, की मागावर ती ताणलेली छान दिसते आणि उतरवल्यावर आकसते. सगळं विणकाम गोळा होतं. ताण्याला पीळदार सुती दोरा किंवा बारीक सुतळी घ्या, लोकर बाण्याला ठेवा. माझे सासरे लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते, 1982 च्या संपापर्यंत. माझा पुठ्ठा हातात आला की आधी ताण्यावरून बोट फिरवतात. एखादा धागा ढिला लागला की काही न बोलता परत देतात.

ताण घट्ट केल्यावर पुठ्ठाच वाकतो, त्यावर उपाय सोपा: दोन तुकडे एकमेकांवर चिकटवा, आतल्या नाळ्या एकाच्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. पावसाळ्यात मात्र तोही मऊ पडतो. तेव्हा जुनी लाकडी फोटोफ्रेम आणि चुका बऱ्या. (या चुका खिळ्यातल्या!)

जुन्या सीडीवर गोल विणताय? उभे धागे विषमच हवेत, 15 किंवा 17. सम असले तर दुसऱ्या फेरीत धागा पहिल्याच वाटेने जातो आणि वीण पडतच नाही.

सुती साडीच्या पट्ट्या कात्रीने कापत बसू नका. टोकाला छोटा काप देऊन फाडा, सरळ निघतात. गडद रंगाची असेल तर आधी ओलं पांढरं फडकं घासून बघा. टी-शर्टच्या पट्ट्या मात्र आडव्याच कापा, ओढल्या की आपोआप गुंडाळून दोरीसारख्या होतात.

उतरवताना सगळे उभे धागे एकदम कापू नका. दोन कापा, गाठ मारा, मग पुढचे दोन.

आणि टांगायचं कुठे? माझं डमरू बाहेरच्या भिंतीवर होतं. जुलैत भिंतीला ओल आली, सुतळीला कुबट वास, मागे काळे ठिपके. आता सगळं आतल्या भिंतीवर, काठीला अडकवून, मागून वारा खेळेल इतकं पुढे.