कोठडीत काय सांगितलं, काय नाही: गोवा मुक्तिलढ्यातल्या कैद्यांची साक्ष नोंदवताना

1955 साली विशीत असलेला सत्याग्रही आज नव्वदीत आहे. त्यामुळे गावातल्या स्वातंत्र्यसैनिकाची मुलाखत पुढच्या मे महिन्यावर ढकलू नका. ते हयात नसतील तर पत्नी, धाकटी भावंडं, शेजारी, तेव्हा निरोप पोचवणारी पोरं यांच्याकडे जा. कैद्याच्या निष्ठेचा बराच भार घरच्यांनी उचललेला असतो आणि तो पोलिसांच्या कागदात सापडत नाही.

जाण्याआधी एका कागदावर तारखांचा सांगाडा तयार करा. 18 जून 1946 ची राममनोहर लोहियांची मडगावची सभा, 15 ऑगस्ट 1955 चा सामुदायिक सत्याग्रह, 19 डिसेंबर 1961 ची मुक्ती, हे तीन खुंटे पुरतात. माणसं तारखा सांगत नाहीत. "चवथीच्या आदल्या दिवशी धरलं", "शिगम्यात सोडलं" असं सांगतात. तेच शब्द लिहा आणि तारीख नंतर जुन्या पंचांगावरून काढा. 1955 मध्ये अधिक भाद्रपद आला होता, त्यामुळे त्या वर्षीची चवथ सप्टेंबरच्या उत्तरार्धात पडली. हे न पाहता अंदाजाने ऑगस्ट लिहिलं, तर अटक सत्याग्रहाच्या आधी गेली की नंतर, याचाच घोळ होतो.

मग कैदेचा रस्ता लावून घ्या: गावचं ठाणं, तालुक्याची कोठडी, पणजीचं लष्करी न्यायालय, शेवटी आग्वाद किंवा रेइश मागूश किल्ल्यातला तुरुंग. प्रत्येक ठिकाणचे पहारेकरी, चौकशी करणारे आणि सोबतचे कैदी वेगळे असतात. "तुरुंगात" एवढंच लिहिलं की सगळं एकत्र कालवलं जातं. काहींचा रस्ता समुद्रापलीकडे जातो. त्रिस्ताँव ब्रागांझ कुन्हांना 1946 मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेलं. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालमध्येच कैदेत राहिले आणि जानेवारी 1969 मध्ये सुटले. म्हणून 1961 ला वही मिटू नका.

ध्वनिमुद्रण साधं ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, खाली घडी घातलेला टॉवेल. वेव्ह स्वरूप, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट घेतलं तर एका मायक्रोफोनला तासाला अर्धा जीबी लागतो. पंखा बंद करा. कौलांवर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी नुसतं बोलून या. एका बैठकीला पाऊण तास पुरे. साक्ष कोकणीत, मराठीत किंवा दोन्हींच्या सरमिसळीत येईल. ती तशीच उतरवा, सुधारू नका.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. मारहाण कशी झाली, हे पहिल्या बैठकीत विचारू नका. कोठडीचा नकाशा काढायला सांगा: दार कुठल्या बाजूला, किती जण झोपायचे, पाणी कशातून मिळायचं, शेजारच्या कोठडीतला आवाज ऐकू यायचा का. हात चालू लागला की आठवण आपोआप येते. पाल्मातोरी, म्हणजे हातापायांवर मारायची लाकडी फळी, हा विषय त्यांनी काढला तर ऐका. थांबले तर तुम्हीही थांबा, आणि रेकॉर्डर बंद करायचा का, हे त्यांनाच विचारा.

"मी काही बोललो नाही" या वाक्यापाशी बहुतेक मुलाखती संपतात. खरं तर तिथून पुढे चार प्रश्न हवेत. नेमकं काय विचारलं होतं? त्यातलं तुम्हांला काय ठाऊक होतं? तुम्हांला धरल्याची बातमी बाहेर किती वेळात पोचली? त्या अवधीत कोण सरहद्द ओलांडून बांदा-सावंतवाडीकडे गेलं, कुठली पत्रकं किंवा हत्यारं हलवली गेली? मौन दिसत नाही, पण त्याने वाचलेली माणसं आणि जागा मोजता येतात. त्या माणसांच्या घरी जाऊन हेच पडताळा.

आता सगळ्यांत नाजूक भाग. कुणीतरी तुम्हांला सांगेल, "अमका फितूर झाला." हा शब्द वहीत लिहा, पण कोण म्हणालं आणि त्याला कसं कळलं, हे शेजारी लिहा. मग जबानीचा कागद मिळाला तर त्यात आलेलं प्रत्येक नाव तपासा. त्या तारखेला तो माणूस आधीच कोठडीत होता का? सरहद्दीपलीकडे होता का? मेलेला होता का? छळ सोसणारा माणूस अशीच नावं पुढे करतो, ज्यांना आता धक्का लागणार नाही. तसं असेल तर तुमच्यासमोरचा कागद विश्वासघाताचा नाही, उलट साथीदारांना वाचवल्याचा पुरावा आहे. शिवाय जबानी पोर्तुगीज भाषेत लिहिली जायची. सही करणाऱ्याला ती वाचता येत होती का, हे आधी ठरवा.

आणि समजा, कुणी खरंच बोलला. किती दिवसांनी बोलला, ते लिहा. अस्नोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी 1955 मध्ये पोलिसांच्या छळात गेले, साथीदारांची नावं न देता. त्यांचं मोठेपण सांगण्यासाठी दुसऱ्या कुणाला त्यांच्या मापाने मोजायची गरज नाही. तिसऱ्या रात्री मोडलेला माणूसही दोन रात्री तगला होता.

कागद शोधताना नावं हीच मोठी अडचण. पोर्तुगीज नोंदीत "श" साठी एक्स हे अक्षर येतं, शेणवी "सिनाय" होतो, आडनाव गळून वडिलांचं नाव लागतं. भूमिगतांची टोपणनावंही धरा: रानडे मूळचे सांगलीचे मनोहर आपटे, सावईवेऱ्याला मराठी शिक्षक म्हणून आलेले. नावाबरोबर वडिलांचं नाव, वाडा आणि तालुका असल्याशिवाय पणजीच्या अभिलेखागारात किंवा तिथल्याच पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांत शोध लागत नाही. राजकीय पोलिसांचे, म्हणजे पीडेचे, दप्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात आहे.

शेवटी संमतीपत्र. त्यात तीन पर्याय द्या: आत्ताच खुलं, साक्षीदाराच्या हयातीनंतर खुलं, किंवा ठरावीक वर्षं बंद. फितुरीचा आरोप असलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये कापून बंद ठेवा; त्या माणसाची नातवंडं त्याच वाड्यावर राहतात. तीन प्रती करा: एक कुटुंबाकडे, एक तुमच्याकडे, एक गावच्या वाचनालयात. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव आणि बैठकीचा क्रमांक घाला.