जिवंत चिंबोऱ्या साफ करताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक साफसफाईच्या आधीच झालेली असते. शनिवारी संध्याकाळी बाजारातून सुतळीने बांधलेल्या सहा चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, येतात. "पाण्यातला जीव आहे, पाण्यात ठेवा" असं कुणीतरी म्हणतं आणि त्या रात्रभर नळाच्या पाण्याच्या बादलीत राहतात. सकाळी चार मेलेल्या, दोन टेकीला आलेल्या आणि पाण्याला वास. साचलेल्या पाण्यात प्राणवायू मुळात थोडा, तो सहा जणींत कितीसा पुरणार? त्यात त्यांचीच घाण. खाडीतली काळी चिंबोरी कल्ले ओले राहिले तर उघड्या हवेत दिवसभर सहज तग धरते. म्हणून बादली नकोच. पसरट टोपली, वर ओलं गोणपाट, घरातली गार सावलीची जागा, आणि अधूनमधून गोणपाटावर पाण्याचा हबका. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलीत तरी त्या गुदमरतातच. समुद्रातल्या ठिपकेवाल्या कुर्ल्या मात्र पाण्याबाहेर फार टिकत नाहीत, त्या आणल्या आणल्या साफ कराव्यात.

मेलेली चिंबोरी "आत्ताच गेली असेल" म्हणत टोपात टाकू नये. जीव गेल्याबरोबर तिचे पाचकरस तिचंच मांस विरघळवायला लागतात, जंतू वाढतात आणि शिजल्यावर मांस पिठूळ लागतं. डोळ्याला काडी लावून बघा: जिवंत असेल तर डोळा आत ओढते. पाय लोंबत असतील आणि डोळा ढिम्म असेल तर पैसे गेले समजा.

सुतळी आधी कापू नका. नांगीत बोट सापडलं की मग अक्कल येते.

दुसरी चूक घाईची. अंगात धुगधुगी असताना चिंबोरी उकळत्या पाण्यात सोडली किंवा तशीच मोडायला घेतली की ती पाय झाडून टाकते. मग तुटल्या सांध्यांतून पाणी आत शिरतं आणि मांस पांचट होतं. बांधलेलीच फ्रीजरमध्ये साधारण अर्धा तास ठेवा, मोठी असेल तर थोडं जास्त. हालचाल थांबली पाहिजे, पण मांस गोठता कामा नये. मग उताणी करून पोटावरची झडप उचला आणि तिच्याखालच्या खळग्यात सुरीचं टोक दाबून खुपसा. त्यानंतर सुतळी कापायची. ज्यांना अर्धा तास थांबवत नाही त्यांनी त्या दिवशी कोलंबी करावी.

आता धुणं. चिखल काढायचा तो कवच बंद असताना: जुन्या टूथब्रशने पाठ, पोट आणि पायांचे सांधे वाहत्या पाण्याखाली घासा. लोक नेमकं उलटं करतात. आधी फोडतात, मग नळाखाली खळाळून धुतात, आणि केशरी गाबोळी मोरीत जाते. झडप ओढून काढा, मागच्या फटीत अंगठा घालून पाठ उचला. दोन्ही बाजूंचे करडे, पिसांसारखे कल्ले उपटून टाका. डोळ्यांमागची पोटाची पिशवी तोंडासकट मोडून टाका. कवचातलं पिवळं-केशरी चमच्याने वाटीत काढा आणि रश्शात शेवटी घाला. (खाडीच्या तोंडाशी कारखान्यांचं पाणी येत असेल तर पिवळा भाग टाकलेलाच बरा, विषारी धातू तिथेच साठतात.) फोडल्यावर धुवायचंच असेल तर ओंजळभर पाणी पुरे.

नांग्यांवर बत्त्याचा एकच ठोका, तडा जाईल इतका. चुरा केलात तर जेवताना प्रत्येक घासाला कवच दाताखाली येईल.

बारीक पाय फेकणारे लोक रश्शाची निम्मी चव फेकतात. ते अर्धी वाटी पाण्यात मिक्सरला दोनदा फिरवा आणि पातळ फडक्यातून गाळा. चहाची गाळणी चालत नाही, कवचाची कच राहते. हे पाणी वाटणाबरोबर टोपात जातं.

पावसाळ्यातले नदी-ओढ्यांचे मुठे असतील तर "मऊ राहावेत म्हणून" अर्धेकच्चे ठेवू नका. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुफ्फुसात घर करणाऱ्या कृमींच्या अळ्या असू शकतात, त्या नीट शिजल्यावरच मरतात. त्याच विळीवर लगेच कोथिंबीर चिरायची नाही. विळी, पाट आणि हात साबणाने धुऊन मगच पुढचं काम.