सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही: जुना कॉम्प्युटर अपग्रेड करताना या चुका टाळा

इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर असलेल्या जुन्या मशीनमध्ये सेकंडहँड आय७-३७७० टाकायचा विचार अगदी रास्त आहे. दोनाचे चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) होतात, चारऐवजी आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) मिळतात. दोन्ही प्रोसेसर एलजीए ११५५ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), म्हणजे बसणार हे नक्की. तरीही प्रोसेसर बदलून बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं.

कारण सॉकेट फक्त जागा देतं. प्रोसेसर ओळखायचं काम बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डमधल्याच छोट्या सॉफ्टवेअरचं. एच६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड २०११ मध्ये आले, आय७-३७७० सारखे तिसऱ्या पिढीचे आयव्ही ब्रिज प्रोसेसर २०१२ मध्ये. सुरुवातीच्या बोर्डांमधल्या बायोसला या प्रोसेसरची माहितीच नाही. अपडेट केलं की बरेचसे एच६१ बोर्ड आय७-३७७० व्यवस्थित चालवतात. मात्र काही बोर्डांवर बायोससोबत इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन फर्मवेअरही (चिपसेटमधलं वेगळं अंतर्गत सॉफ्टवेअर) आवृत्ती ७ वरून ८ वर न्यावं लागतं, त्यामुळे कंपनीच्या डाउनलोड पानावरच्या सूचना नीट वाचा.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक क्रमाची आहे. जुना प्रोसेसर आधी काढला, विकूनही टाकला, आणि मग कळलं की बायोस अपडेट करायचं होतं! बोर्ड सुरूच होत नसेल तर अपडेट करणार कसं? म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, मशीन एकदा पूर्ण सुरू होऊ द्या, बायोसचा नवा नंबर दिसला की मगच कूलरला हात लावा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएस नसेल तर पावसाळी संध्याकाळी हे काम काढूच नका.

काही बोर्डांना अपडेटनेही फरक पडत नाही. क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ या ऑफिसच्या मशीनमध्ये सापडणाऱ्या चिपसेटना तिसऱ्या पिढीचा अधिकृत सपोर्ट नाही. सेकंडहँड बाजारात डेल ऑप्टिप्लेक्स ७९० आणि ७०१० शेजारी शेजारी विकायला असतात. ७०१० मध्ये क्यू७७ आहे, तो आय७-३७७० घेतो. ७९० मध्ये क्यू६५, तिथे दुसऱ्या पिढीच्या आय७-२६०० पर्यंतच थांबावं.

इंटेलच्याच नंतरच्या एलजीए ११५१ सॉकेटचा घोळ याहून मोठा. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालतात. आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेटही ११५१ च, पण त्यांना ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. १०० मालिकेतल्या एच११० वर आठव्या पिढीचा आय५-८४०० बसतो, चालत नाही. दुकानदाराने ‘सॉकेट सेम आहे’ म्हटलं तरी पैसे देऊ नका.

मग विश्वास कशावर ठेवायचा? बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या सीपीयू सपोर्ट लिस्टवर, म्हणजे त्या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीवर. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची तारीख सहसा दिसते, किंवा सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका. केस उघडून बोर्डावर छापलेलं रिव्हिजनही (त्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती) बघा. गिगाबाईटच्या बोर्डांवर ते कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रिव्हिजनची यादी वेगळी असू शकते. यादीत प्रोसेसरच्या नावापुढे किमान बायोस नंबर दिलेला असतो. तुमचा नंबर त्याहून जुना असेल तर अपडेट ठरलेलं.

एएमडीवाल्यांसाठी: एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या काही जुन्या ए३२० आणि बी३५० बोर्डांना रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी बायोस मिळालं आहे. पण काही बोर्डांच्या बायोस चिपमध्ये जागा कमी, त्यामुळे नव्या अपडेटमध्ये आधीच्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो. त्यासोबतची टीप वाचूनच पुढे जा. शिवाय एएम४ वर प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) हवं असेल तर नावात ‘जी’ असलेला रायझन घ्या. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्येही, उदाहरणार्थ आय५-९४००एफ, ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड न लावता मॉनिटर बोर्डाला जोडला तर काहीच दिसणार नाही, आणि बिचारा चांगला प्रोसेसर खराब ठरतो.

नवा प्रोसेसर बसवूनही स्क्रीन काळी असेल तर आधी सॉकेटजवळची चार किंवा आठ पिनची १२ व्होल्टची केबल बघा, ती लावायची हमखास राहते. मग भिंतीतल्या प्लगची वायर काढून सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसा, आणि रॅमची एकच पट्टी लावून बघा. तरीही नाही, तर जुना प्रोसेसर परत टाका. तो चालला तर पुन्हा बायोस आणि सपोर्ट लिस्टकडे जा. तोही चालला नाही, तर टॉर्च धरून इंटेलच्या सॉकेटमध्ये तिरक्या कोनातून बघा: सगळ्या पिना एका रेषेत चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली, तर ती वाकली आहे.