हायवेला बोर्ड लावायचाय? खड्डा खणण्याआधी जमिनीची हद्द बघा

माझ्या मामेभावाने बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीच्या अलीकडे हायवेला लागून गुळाचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक गाडीतून लांबूनच बघेल असा दहा बाय आठ फुटांचा बोर्ड केला आणि तो शेताच्या बांधावर उभा केला. चार महिन्यांनी क्रेन आली, कटरने दोन्ही पाय कापले आणि बोर्ड उचलून नेला. "बांध माझा आहे हो," असं तो सांगत राहिला. घाणेरीच्या जाळीत झाकलेला महामार्गाच्या हद्दीचा दगड आम्हाला नंतर सापडला. तो बोर्डाच्या मागे, शेताच्या बाजूला होता. म्हणजे बोर्ड रस्त्याच्या जमिनीत उभा होता.

म्हणून पहिलं काम वेल्डरकडे जाण्याचं नाही. फलकाचे पाय कुणाच्या जमिनीत येणार, ते आधी पक्कं करा. पुढचं ऑफिस, कागद आणि फी सगळं त्यावरच ठरतं.

हद्द कशी बघायची

निपाणी-संकेश्वर-बेळगाव-कित्तूर हा आपला पुणे-बंगळूर हायवे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 48. जुने लोक त्याला अजून एनएच फोर म्हणतात. खानापूरवरून गोव्याच्या बाजूला अनमोडकडे जाणारा तो 748. या रस्त्यांची संपादित जमीन केंद्र सरकारची असते. महामार्गाच्या जमिनीबद्दलच्या 2002 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तिथे काही उभं केलं तर ते काढलं जातं आणि काढण्याचा खर्चही तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. डांबर संपलं की रस्ता संपला, ही समजूत चुकीची आहे. गटार, सर्व्हिस रोड आणि त्यापुढची मोकळी पट्टी हे सगळं रस्त्यातच येतं.

दगड सापडत नसेल किंवा रुंदीकरणात जमीन गेली असेल तर आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, घ्या. नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसात, हद्दबस्तच्या (हद्द ठरवून देणाऱ्या) मोजणीचा अर्ज करा. शेजारी काय सांगतो किंवा जुनं कुंपण कुठे आहे, यावर विसंबू नका. मोजणीला वेळ लागतो, पण कापलेल्या बोर्डापेक्षा ती स्वस्त पडते.

रस्त्यापासून किती लांब

रस्त्याकडेच्या जाहिरातींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे मापदंड आहेत, आयआरसी 46 या क्रमांकाचे. जाहिरात फलक रस्त्याच्या हद्दीत नको. गाड्या धावतात त्या पट्ट्याच्या कडेपासून 10 मीटरच्या आत नको. चौक, फाटा किंवा पुलापासून 100 मीटरच्या आत नको. शहरी भागात, वाहनचालकाची नजर अडत नसेल तर, हे अंतर 50 मीटरपर्यंत कमी केलेलं चालतं. वाहतुकीच्या सरकारी फलकापासून रस्त्याच्या दिशेने 50 मीटर अंतर सोडायचं. रस्त्यावर आडवा बांधलेला कापडी बॅनरही चालत नाही. तवंदी घाटासारख्या वळणाच्या ठिकाणी तर बोर्डाचा विचारच करू नका. तिथे ड्रायव्हरची नजर अर्धा क्षण हलली तरी भारी पडतं.

टेप घेऊन स्वतः मोजा आणि मोजताना फोटो काढा. हे फोटो पुढे अर्जाला जोडता येतात.

अर्ज कुठे द्यायचा

बेळगाव शहरात महापालिका. कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976 प्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावता येत नाही. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड. निपाणीत नगरपालिका, खानापूरसारख्या गावात तिथली नगर संस्था. खेड्यात ग्रामपंचायत, म्हणजे आधी पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटा. रस्ता राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे चौकशी करा. राष्ट्रीय महामार्गाला लागून असेल तर महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयात हद्दीबद्दल लेखी विचारा. तोंडी "चालतंय की, लावा" याला पुढे काही किंमत राहत नाही.

सीमेवर आणखी एक गोष्ट. बाचीच्या पलीकडे शिनोळी, कोगनोळीच्या पलीकडे कागल. बोर्ड राज्याच्या हद्दीपलीकडे असेल तर तिथे महाराष्ट्राचे नियम लागतात आणि तिथली परवानगी वेगळी काढावी लागते. इकडचा कागद तिकडे चालत नाही.

अर्जासोबत साधारण हे लागतं: जागेचा उतारा, जागा दुसऱ्याची असेल तर भाडेकरार आणि त्याची संमती, ठिकाणाचा नकाशा अंतरांसह, फलकाचं माप आणि डिझाइन, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. भाडेकरार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या. दिव्यांचा बोर्ड असेल तर हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, कनेक्शन रीतसर घ्या. विजेच्या तारांखाली किंवा तारांना लागून खांब रोवू नका.

सांगाडा

इथे काटकसर करू नका. मे 2024 मध्ये मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. आपल्याकडे वळवाचा वारा कसा सुटतो, ते काकतीच्या माळावर उभं राहून बघा. हिशेब असा: 20 बाय 10 फुटांचा बोर्ड म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. सेकंदाला 40 मीटर वेगाचा वारा त्यावर समोरून आदळला तर पावणेदोन टनांहून जास्त जोर येतो. हा सगळा जोर दोन खांबांच्या मुळावर येतो. त्यामुळे पाया किती खोल, काँक्रीट किती आणि खांबाखालची लोखंडी बेस प्लेट किती जाड, हे वेल्डरच्या अंदाजावर सोडू नका. वाऱ्याच्या भारासाठी आयएस 875 या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरून इंजिनिअरने हिशेब करून दिला पाहिजे. त्याची सही असलेला कागद जपून ठेवा.

छपाईसाठी प्लास्टिकचा फ्लेक्स सांगू नका. कर्नाटकात 2016 पासून प्लास्टिकच्या फ्लेक्स-बॅनरवर बंदी आहे. कापड किंवा रंगवलेला पत्रा वापरा.

भाषा

हा आपल्या माणसांसाठी नाजूक विषय आहे, म्हणून नीट सांगतो. कन्नड भाषेच्या कायद्यात 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकान, हॉटेल, दवाखाना, कारखाना यांच्या नामफलकावर 60 टक्के भाग कन्नडचा हवा आणि कन्नड वरच्या भागात हवं. उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी लिहिता येते, आणि ती जरूर लिहा.

पेंटरला माप देताना असं सांगा: फलक 8 फूट रुंद आणि 4 फूट उंच असेल तर वरची 2 फूट 5 इंचांची पट्टी कन्नडची, खालची 1 फूट 7 इंचांची मराठीची. इंग्रजी हवंच असेल तर त्याच खालच्या पट्टीत बसवा. मराठीचा अक्षरप्रकार जाड घ्या, म्हणजे कमी जागेतही लांबून वाचता येतो. कन्नड मजकूर चांगलं कन्नड येणाऱ्याकडून तपासून घ्या. चुकीचं कन्नड लिहिलं तर उगाच वाद होतो, आणि ते आपल्याला शोभतही नाही.

मोठ्या जाहिरात होर्डिंगसाठी परवान्याच्या अटींत भाषेबद्दल काय लिहिलंय ते वेगळं वाचा. परवानगी अडकली किंवा अन्याय झाला असं वाटलं तर राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठीतून लिहिलंत तरी चालेल. सोबत कन्नड प्रत जोडलीत तर काम लवकर पुढे सरकतं, हा माझा अनुभव.

काय लिहायचं नाही

निपाणी तंबाखूची बाजारपेठ, तरी तंबाखूच्या जाहिरातीचा फलक हायवेला लावता येत नाही. 2003 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. दारूच्या दुकानाची जाहिरात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 च्या निकालात बंद केली. गोव्याच्या रस्त्याला धंदा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. झाडांना खिळे मारणं, पुलाच्या कठड्यावर किंवा सरकारी खांबावर पोस्टर चिकटवणं यावर कर्नाटकात 1981 च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

लावल्यानंतर

परवाना क्रमांक आणि मुदत फलकाच्या एका कोपऱ्यात रंगवून घ्या. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, नटबोल्ट आवळून घ्या आणि खांबाच्या बुडाशी गंज आलाय का ते खरवडून बघा. पाणी तिथेच साचतं आणि खांब तिथूनच तुटतो. धंदा बंद केला तर सांगाडाही उतरवा.

मामेभावाचा नवा बोर्ड आता हद्दीच्या दगडापासून बारा पावलं आत, आपल्याच शेतात आहे. थोडा लांब पडला, म्हणून त्याने अक्षरं मोठी केली.