मेल सर्व्हरसाठी लिनक्स निवडताना

मेल पाठवणाऱ्या-स्वीकारणाऱ्या प्रोग्रामांपैकी पोस्टफिक्स घ्यावे की एक्झिम, यावर नवशिके बराच काळ खल करतात आणि ऑपरेटिंग सिस्टम मात्र हाताशी असेल ती घेतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. सर्व्हर किती वर्षे चालवायचा आहे हे आधी ठरवावे आणि तेवढी वर्षे सुरक्षा अपडेट देणारीच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, निवडावी. सेंटओएस ८ या डिस्ट्रोचा आधार २०२९पर्यंत टिकेल असे धरून चाललेल्यांना डिसेंबर २०२० मध्ये कळले की तो ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपणार आहे.

इन्स्टॉलेशन डिस्ट्रोच्या पॅकेजमधूनच करावे. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, प्रोग्राम स्वतः कंपाइल करणे शिकण्यासाठी उत्तम आहे. परंतु कामाच्या सर्व्हरवर तसे केल्यास प्रत्येक सुरक्षा दुरुस्तीची जबाबदारी कायमची तुमच्यावर येते. ज्येष्ठांनी दिलेली तयार स्क्रिप्ट ओळ न् ओळ समजल्याखेरीज चालवू नये, आणि ती समजावून न देणाऱ्या ज्येष्ठाला गुरू मानू नये.

खरा सापळा पुढच्या अपग्रेडमध्ये असतो. फोंड्यातील एका संस्थेचा सर्व्हर डेबियन या डिस्ट्रोच्या आवृत्ती १२ वरून १३ वर नेला, तेव्हा पोस्टफिक्स व्यवस्थित सुरू झाले. मेलपेट्या सांभाळून वापरकर्त्यांना पत्रे दाखवणारे डव्हकॉट मात्र उठेना. डेबियन १२ मध्ये डव्हकॉट २.३ आहे, १३ मध्ये २.४, आणि २.३ ची कॉन्फिगरेशन २.४ ला चालत नाही. फाइलच्या आरंभीच कॉन्फिगरेशनची आवृत्ती सांगावी लागते, मेलपेट्यांचे ठिकाण सांगणारी एकच जुनी सेटिंग आता प्रकार आणि मार्ग अशा दोन सेटिंगांत विभागली आहे, आणि टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी पद्धत) प्रमाणपत्राच्या सेटिंगचे नावही बदलले आहे. म्हणून डिस्ट्रोच्या नव्या आवृत्तीत पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि स्पॅम गाळणारे आरस्पॅमडी यांच्या कोणत्या आवृत्त्या आहेत, हे अपग्रेडपूर्वी एकेक करून पाहावे. त्या संध्याकाळी कर्मचाऱ्यांचे फोन येत असताना वाटलेली धास्ती अजून आठवते.

तरीही घाबरून जाऊ नये. तिथे पोस्टफिक्स आलेली पत्रे एलएमटीपी या प्रोटोकॉलने डव्हकॉटकडे सोपवत असे. डव्हकॉट बंद असताना ती रांगेत थांबली, आणि अशी पत्रे पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार पाच दिवस राखून ठेवते. जूनच्या पावसात वीज जाऊन सर्व्हरच बंद पडला, तरी पाठवणारे सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात.

डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८पर्यंत आहे. त्यामुळे सर्व्हरची प्रत व्हर्च्युअल मशीनवर उभी करून तिच्यावर आधी निवांतपणे अपग्रेड करून पाहावे.